जीपमागे डबा: कॅराव्हॅन ओढायच्या नोंदी, डिचोली

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

डबा आला. कोल्हापूरकडच्या एका गृहस्थांकडून जुनी, एका आसाची कॅराव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घेतली, २,८०,००० रुपयांना. चार जण झोपतील अशी जाहिरात होती, झोपतील अडीच. वाड्यावर सगळे तिला 'डबा'च म्हणतात, त्यामुळे इथेही डबाच.

रस्त्याने ओढत आणायची छाती झाली नाही. ट्रकवर चढवून आंबोलीमार्गे आणला, भाडं १४,०००. पैसे पाण्यात गेले असं घरच्यांचं मत. पुढे काय काय झालं ते पाहता, आतापर्यंतचा सगळ्यात शहाणा खर्च हाच.

मालकाने सांगितलेलं वजन ७०० किलो. पुढचा दांडा एका हाताने उचलून पाहिला, सहज उचलला गेला. "बघा, हलका आहे," असं मीच सगळ्यांना सांगत सुटलो. हे वाक्य लक्षात ठेवा.

कागदपत्रांचं एकदाच सांगतो. कायद्याने ट्रेलर हे वेगळं वाहन. त्याला स्वतःचा नंबर, स्वतःचा विमा लागतो; गाडीच्या विम्यात तो आपोआप येत नाही. आमचा नंबर महाराष्ट्राचा, आणि बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायचा तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो. एनओसी विकणाऱ्याकडून व्यवहाराच्याच दिवशी मागून घ्या. मी नंतर मागितली, त्यात तीन आठवडे आणि बारा फोन गेले.

१० नोव्हेंबर, रविवार

माझी गाडी सात सीटची, पुढच्या चाकांवर चालणारी. आधीच्या मालकाने छोटी होडी ओढायला मागे बॉल, म्हणजे ओढायची वस्तू अडकवायचा लोखंडी गोळा, बसवून घेतला होता, म्हणून म्हटलं बघूया. डबा लावला आणि अंगणातून रस्त्यावर चढायला निघालो. चढ जेमतेम पंधरा पावलांचा, वर चिऱ्याची भुकटी पसरलेली. मधोमध गेल्यावर पुढची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरायला लागली. चढावर भार मागे जातो, पुढची चाकं हलकी होतात, आणि माझ्या गाडीला ओढणारी चाकं नेमकी तीच. तीनदा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा क्लचचा जळका वास स्वयंपाकघरापर्यंत गेला. आई बाहेर येऊन म्हणाली, "काय जाळलं?"

डबा ढकलत खाली आणला. संध्याकाळी गाडीचं मॅन्युअल काढलं, जे विकत घेतल्या दिवशी काढायला हवं होतं. ओढायच्या वजनाचा आकडाच त्यात नाही. आकडा नाही म्हणजे कंपनीने ओढायला हो म्हटलेलं नाही, असं धरून ही गाडी बाद.

१६ नोव्हेंबर

तुळशीच्या लग्नात दोन दिवस गेले. कुठल्या गाडीने ओढायचं यावर तिथेही मंडपात चर्चा, प्रत्येकाला मत. पर्याय दोन उरले.

पहिला, मित्राची नवी गाडी. इंजिन जोरदार, ऑटोमॅटिक, डबल क्लचवाली. डबा अंगणात लावताना चढावर इंचाइंचाने सरकावं लागतं, तेव्हा हा क्लच तापतो. शिवाय तिला वेगळी चेसिस नाही, बॉडी आणि सांगाडा एकच. मागे हुक कुठे बोल्ट करायचा हे गॅरेजवाल्यालाही नीट सांगता येईना. मित्र "घेऊन जा रे" म्हणत होता. त्याच्या बायकोच्या चेहऱ्यावर वेगळंच लिहिलेलं होतं.

दुसरा, भावजींची दहा वर्षांची बोलेरो. अडीच लिटरचं डिझेल, ताकद फक्त ६३ हॉर्सपॉवर. मित्राच्या गाडीपुढे काहीच नाही. पण लॅडर चेसिस, म्हणजे बॉडीखाली शिडीसारखा वेगळा सांगाडा, मागच्या चाकांना जोर, मागे पाटे, आणि वजन. भावजी बसलेले, अर्धी टाकी डिझेल, तेव्हा काट्यावर १,६९० किलो भरली.

नवशिक्यांसाठी एक नियम सगळीकडे सांगतात, की भरलेल्या कॅराव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांवर जाऊ नये. बोलेरो त्यात आरामात बसते. पण माझी १,१६० किलोची गाडीसुद्धा कागदावर बसत होती, आणि ती पंधरा पावलं चढली नाही. नियम पहिली गाळणी म्हणून वापरा, त्याच्यापुढे बघायचं ते कुठली चाकं ओढतात, हुक कशाला धरलाय आणि ब्रेक कसे आहेत. हॉर्सपॉवर आम्ही शेवटी पाहिली. आम्हाला घाईने कुठे जायचंही नव्हतं.

बोलेरो, म्हणजे आमची जीप, ठरली. भावजींची अट एकच: चालवणार ते.

२४ नोव्हेंबर

हुक. चेसिसच्या दोन्ही दांड्यांना प्लेट बोल्ट करून मध्ये आडवा चौकोनी पाइप, ९,५०० रुपये, काम चांगलं झालं. बंपरला हुक लावून देणारेही भेटले, "सगळे असंच लावतात" म्हणून. तिथून निघून आलो.

बोलेरोची स्टेपनी मागच्या दारावर असते. त्यामुळे बॉल जरा बाहेर काढावा लागला, नाहीतर वळताना डब्याच्या पुढच्या छोट्या चाकाचा दांडा स्टेपनीवर आपटतो. आणि डबा लावलेला असला की मागचं दार उघडत नाही. जेवणाचा डबा, टॉर्च, जॅक मागे ठेवायचे नाहीत. हे आम्ही भुकेल्या पोटी शिकलो.

चूक झाली ती बॉलची. बाजारातून मागवायला आठ दिवस लागणार होते, म्हणून लेथवाल्याकडून साध्या लोखंडाचा बॉल कातून घेतला, १,८०० रुपये. चकचकीत, देखणा. त्यावर कपलर, म्हणजे डब्याच्या दांड्याच्या टोकाची वाटी, बसवला तर खटखट वाजतो. व्हर्नियर लावून पाहिलं: ४८.६ मिमी. कपलर ५० मिमीचा. दीड मिमीने काय होतं, असं लेथवाला म्हणाला. कपलर बंद करून खालून जॅकने दांडा वर उचलला, आणि कुलूप लागलेलं असताना कपलर बॉलवरून सुटून वर आला. लेथवाला गप्प झाला.

घडीव पोलादाचा ५० मिमीचा बॉल मागवला. मागवताना नीट सांगा, कारण दोन इंची बॉल ५०.८ मिमीचा असतो आणि ५० च्या कपलरमध्ये तो अडकतो. नवीन बॉल बसवला की जॅकची परीक्षा प्रत्येकाने करावी: दांडा उचलला तर गाडीचा मागचा भाग बरोबर उचलला गेला पाहिजे.

बॉलची उंची जमिनीपासून ५२ सेमी आली. बोलेरो मागून उंच, त्यामुळे डबा थोडा नाक वर करून उभा राहतो. चालेल म्हटलं. नाही चाललं, पुढे येतंच आहे.

१ डिसेंबर

टायर. नक्षी शाबूत. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचला: २२१४. म्हणजे २०१४ सालचा बाविसावा आठवडा. बोटाने दाबलं तर भिंतीवर केसासारख्या चिरा उघडल्या. उभा राहून राहून डब्याचे टायर झिजत नाहीत, वाळतात. दोन्ही बदलले, ८,४०० रुपये. नट पन्नासेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे.

दिवे. सात पिनांचा प्लग. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा. वायरमनने दोन तास सगळ्या वायरी उलगडल्या. दोष निघाला पांढऱ्या वायरीत, म्हणजे अर्थिंगमध्ये. तिची टोकं हिरवी पडलेली. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत एक दिवा लावला की भलताच दिवा पेटू लागला, तर आधी अर्थ बघा. आमचे दोन तास वाचले असते.

८ डिसेंबर, रविवार

पहिली फेरी. डिचोली, अस्नोडा, म्हापसा, हायवेने कोलवाळ, धारगळपर्यंत आणि परत. जाताना सगळं छान. भावजी शीळ घालत होते.

परतताना कोलवाळच्या पुलाकडे उतार लागला, वेग ६५. उजवीकडून एक बस भरधाव पुढे गेली. तिच्या वाऱ्याने डबा आधी बाहेर ढकलला, मग आत ओढला, आणि मग थांबेचना. मी आरशात बघत होतो. आधी डाव्या खिडकीचा निळा पडदा दिसला, मग उजव्या खिडकीचा, मग पुन्हा डाव्या. एरवी दोन्ही खिडक्या दिसतच नाहीत. स्टिअरिंग हलकं झालं, जीपचं ढुंगण डब्याबरोबर हलायला लागलं. भावजींनी जे कोणीही करेल तेच केलं, ब्रेकवर पाय दिला. हेलकावा वाढला. मी ओरडलो, "पाय काढा!" त्यांनी पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि चाळिसाच्या आसपास डबा आपणहून शांत झाला. सगळा प्रकार सात-आठ सेकंदांचा असेल.

पूल ओलांडून कडेला थांबलो. आत कांद्याची पिशवी फुटून कांदे पलंगाखाली. सुरक्षेच्या साखळ्या लांब ठेवल्याने रस्त्याला घासून कड्या एका बाजूने चपट्या झालेल्या. भावजींनी एक शब्द न बोलता चहा मागवला. दुसऱ्या चहानंतर म्हणाले, "हे तुझ्या बहिणीला सांगू नकोस." घरापर्यंत ४० च्या वर गेलो नाही.

डबा शेपूट मारायला लागला तर: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, उलटसुलट फिरवून सावरायला जाऊ नका, पायाचा ब्रेक नको, आणि वेग वाढवून "ओढून सरळ करू" हेही नको.

९ डिसेंबर

सुट्टी टाकली. खाणी जोरात असताना आमच्या भागात गल्लोगल्ली वजनकाटे होते, काही अजून चालतात. आमच्या जवळच्या काट्यावर बसणारे काका पूर्वी खनिजाचा टिपर चालवायचे. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्यावर ते स्टिअरिंग सोडून काट्याच्या खुर्चीवर आले. डबा प्लेटवर सोडून जीप बाजूला काढली. ८८० किलो. सातशे नव्हे. गाद्या, बॅटरी, भरलेली पाण्याची टाकी, सिलिंडर, भांडी, आणि "असू दे" म्हणून टाकलेल्या शंभर गोष्टी. आसावरच्या पत्र्यावर मर्यादा १,००० ची आहे, म्हणून वाचलो.

काका बाहेर आले आणि मी केलं तेच त्यांनी केलं, दांडा एका हाताने उचलला. पण खूश नाही झाले. "पुढे काहीच वजन नाही रे. टिपरमध्ये माल मागे भरला की पुढची चाकं रस्ता सोडायची. तुझं तेच."

दांड्याचं टोक बॉलवर जेवढं दाबतं, ते नाकाचं वजन. एका आसाच्या कॅराव्हॅनला ते एकूण वजनाच्या ५ ते ७ टक्के असावं लागतं, म्हणजे आमच्या डब्याला ४४ ते ६२ किलो. मोठ्या काट्यावर हे कळत नाही, तो दहा-दहा किलोंनी उड्या मारतो. घरी सपाट शहाबादी फरशीवर डबा ठेवला, चाकांना दगड लावले, कपलरखाली सागाचा एक ठोकळा उभा केला आणि त्याखाली बाथरूममधला वजनाचा काटा. पुढचं छोटं चाक वर घेतलं, म्हणजे सगळा भार ठोकळ्यावर.

१४ किलो.

दांडा हलका लागत होता याचा अर्थ डबा हलका नव्हता, मागे जड होता. पाण्याची ६० लिटरची टाकी आसाच्या १४० सेमी मागे. बॅटरी त्याहून मागे, १६० सेमीवर. कपलरपासून आस ३२० सेमी. हिशोब शाळेतल्या तरफेचा: ६० गुणिले १४०, भागिले ३२०. एकटी टाकी नाकावरचे २६ किलो उचलून धरत होती. त्यात ५२ सेमी उंच बॉलमुळे नाक वर.

दुपारी टाकी आसाच्या २० सेमी पुढे आणली. काटा ४४ वर. जोश आला, बॅटरी उचलून अगदी पुढच्या खणात टाकली. ६८. कपलरवर ७५ ची मर्यादा कोरलेली आहे, आणि पुढच्या पलंगावर दोन बॅगा टाकल्या की ती ओलांडणार. नाक जास्त जड झालं की उलटं दुखणं: जीप मागे बसते, पुढची चाकं हलकी, हेडलाइट झाडांवर. बॅटरी पुन्हा काढून बरोबर आसावर, जमिनीलगत बोल्ट केली. ५९. इथे थांबलो. अंधार पडला होता आणि कंबर गेली होती.

बॉलसाठी खाली उतरलेली प्लेट करून घेतली, ३,२०० रुपये. उंची आता ४१ सेमी, डबा लेव्हलमध्ये. साखळ्या दोन कड्यांनी तोकड्या केल्या आणि दांड्याखालून एकमेकींना ओलांडून लावल्या. कपलर सुटला तर दांडा रस्त्यात रुतण्याऐवजी त्या झोळीत पडतो.

१५ डिसेंबर

ब्रेक. हे सगळ्यात आधी करायला हवं होतं, आम्ही सगळ्यात शेवटी केलं.

डब्याला स्वतःचे ब्रेक आहेत. जीप हळू झाली की डबा पुढे रेटतो, कपलरचा दांडा आत सरकतो, तो सळई ओढतो, सळई चाकांचे ब्रेक लावते. आमचा दांडा गंजून जागेवर बसलेला. म्हणजे ८ तारखेला कोलवाळच्या उतारावर ८८० किलो वजन आम्ही एकट्या जीपच्या ब्रेकवर उतरवत होतो.

दांडा काढायला दोन दिवस डिझेलमध्ये भिजत ठेवला. आतला धक्का शोषणारा दट्ट्या मेलेला, नवा ४,६०० रुपये आणि दहा दिवस वाट. ब्रेकचे पट्टे ठीक निघाले.

खाणीकडच्या रिकाम्या रस्त्यावर खुणेचा दगड ठेवून ४० च्या वेगाने ब्रेक मारून पाहिले होते आणि पावलांनी मोजले होते. एकटी जीप ११ पावलं. गंजलेल्या ब्रेकचा डबा मागे, १७. दुरुस्तीनंतर २८ डिसेंबरला पुन्हा मोजलं, १३. ही चार पावलं कुंकळ्ळीच्या बाजारात एखादी म्हैस आडवी आली की कळतील.

एक फसगत सांगून ठेवतो. असा डबा चढावर मागे घेताना दांडा आत दाबला जातो आणि ब्रेक लागतात. अंगणात मागे घेताना तासभर वाटलं चाक जाम झालंय. जुन्या कपलरवर रिव्हर्ससाठी एक छोटा अडसर असतो, तो आमचा रंगाखाली लपलेला. खरवडून काढला. पुढे निघताना तो सोडायला विसरू नका.

नाताळात गोव्याच्या रस्त्यांवर डबा काढायचा नाही, असं दोघांनीही न बोलताच ठरवलं.

५ जानेवारी २०२५

सरावाची फेरी वाड्यातच. वळणावर डब्याची चाकं जीपच्या चाकांच्या आतून जातात, हे ठाऊक असून शेजारच्या काकांचा गडगा खाल्ला. तीन चिरे पडले, डब्याचा ॲल्युमिनियमचा कोपरा वीतभर फाटला. काका म्हणाले, "चिरे राहू दे, पण आधी सांगितलं असतंस तर खुर्ची टाकून बसलो असतो." कोपरा १,१०० ला सरळ झाला, गडगा मीच बांधून दिला, वाकडा.

त्याच दिवशी ट्रकचे दोन आरसे लांब पट्ट्यांवर बसवले. जीप १७५ सेमी रुंद, डबा १९८. जीपच्या आरशात मागचा रस्ता दिसत नव्हता, डब्याची भिंत दिसत होती.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काणकोण. साखळी, उसगाव, फोंडा, बोरीचा पूल, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, करमल घाट. पहाटे पाचला निघालो, वेग पन्नाशीच्या आत. मडगावच्या आधी दोन बस आणि एक कंटेनर पुढे गेले. डबा प्रत्येक वेळी किंचित हलला आणि लगेच बसला. आरशात पडदा दिसला नाही. मी मोजत होतो.

पन्नास किलोमीटरला नट आवळले, दोन नट पाव आट्याने फिरले.

बाळ्ळीला चहाला थांबलो तेव्हा सवयीने हबना, म्हणजे चाकांच्या मधल्या भागांना, हात लावला. डावा कोमट. उजव्यावर हात ठेववेना. बेअरिंग गेलं या भीतीने जॅक लावला, चाक हाताने फिरवलं: आवाज नाही, पण जड फिरतंय. दुरुस्तीत उजव्या बाजूचे ब्रेक जास्त आवळले गेले होते, पट्टे सतत घासत होते. मागून दोन खाचा सैल केले, चाक मोकळं झालं. चाळीस मिनिटं गेली. घाट उतरून मग हात लावला असता तर ग्रीस वितळून गेलं असतं.

करमल घाट. काट्यावरच्या काकांनी सांगून ठेवलं होतं, ज्या गियरमध्ये चढशील त्याच गियरमध्ये उतर. तिसऱ्यात चढलो, दोन वळणांवर दुसरा. वर गियर न बदलता उतरलो. ब्रेक थोडे, एकदा दाबून सोडायचे, धरून ठेवायचे नाहीत. मागे नऊ गाड्या जमल्या तेव्हा रुंद जागा बघून थांबलो आणि सगळ्यांना जाऊ दिलं. एकाने हात केला. बाकीच्यांनी हॉर्न.

साडेनऊला काणकोणात, एका ओळखीच्यांच्या माडांच्या बागेत डबा लावला. दोन्ही हब सारखेच कोमट. बहीण भाजी-पाव घेऊन आली आणि तिने विचारलं, "आता तरी सांगाल का, कोलवाळला काय झालं होतं?" भावजी हबवरून हात काढेनात.

उरलेली कामं: गोव्याचा नंबर, डाव्या खिडकीची गळकी रबरपट्टी, पावसाआधी बेअरिंगांना नवीन ग्रीस.